वाचता येण्याआधीचं वाचनालय

लेक पाच वर्षांची व्हायची आहे, जोडाक्षरं तर सोडाच, काना-मात्रा पण अजून पक्के नाहीत, आणि तरी शनिवार आला की मी तिला गावातल्या नगर वाचनालयात घेऊन जातो म्हटल्यावर घरी आलेल्या पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो, की अरे तिला वाचता कुठे येतंय अजून? पुस्तकंच दाखवायची तर ऑनलाइन मागव ना, दोन दिवसांत दारात येतात, आणि गोष्टीच ऐकवायच्या तर यूट्यूबवर ढीग पडलाय. प्रश्न प्रेमापोटीच असतो त्यामुळे मी तिथल्या तिथे काही वाद घालत नाही, चहा पुढे करतो. पण मनात उत्तर तयार असतं आणि ते जरा लांब आहे, म्हणून इथे लिहितोय.

मला जे दिसतंय ते असं, की लहान मूल वाचनालयात जे शिकतं त्यात वाचन बऱ्याच नंतर येतं. आधी ते हे शिकतं की एखादी वस्तू सगळ्यांची असते, कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवून ती आपल्या हातात देतं, थोडे दिवस ती अगदी आपली असते आणि मग ती नीट परत द्यायची असते, कारण पुढे कुणीतरी तिची वाट बघतंय. घरात हे शिकवता येत नाही, घरात सगळं आपलंच असतं. दुकानात तर नाहीच नाही, तिथे पैसे मोजले की विषय संपला. बागेतला झोका थोडंफार शिकवतो, पण झोका घरी नेता येत नाही. वाचनालयातली वस्तू घरी येते, उशाखाली झोपते, आजीला दाखवली जाते आणि तरी ती सगळ्यांची राहते. चार वर्षांच्या डोक्याला हा केवढा मोठा विचार आहे बघा, आणि तो कुणी भाषण देऊन सांगत नाही, नुसता आठवड्याच्या येण्याजाण्यातून आत जातो.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावात असतं तसंच आहे. दारातून आत गेलं की तिरक्या लाकडी स्टँडवर पेपर लावलेले, तिथे सकाळ-संध्याकाळ आजोबा मंडळी, चष्मा कपाळावर चढवून उभ्याउभ्याच अग्रलेख वाचणारी. वर अभ्यासिका, तिथे एमपीएससीची मुलं-मुली, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन दिवसभर बसलेली. मधे देवघेवीचं काउंटर आणि मागे कपाटांच्या रांगा, त्यातलं शेवटचं दीड कपाट बालविभाग. बस एवढंच. पण लहान मुलाच्या डोळ्यांनी बघितलं तर गावात दुसरी कुठली जागा आहे जिथे इतकी मोठी माणसं, एकमेकांची कुणी नसलेली, एका छताखाली गप्प बसून आपापलं काही वाचतायत? घरी आम्ही वाचतो ते फोनवर, आणि मुलाला फोनमधलं वाचन दिसतच नाही, त्याला फक्त फोन दिसतो. तिथे तिला हातात कागद धरलेला माणूस दिसतो, पान उलटताना दिसतो, मधेच स्वतःशी हसताना दिसतो. एकदा ती एका आजोबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि त्यांना विचारलं, तुम्ही काय वाचताय? ते म्हणाले, पावसाचं वाचतोय गं बाळा, धरणात किती पाणी आलं ते. तिने घरी येऊन आईला सांगितलं की पेपरात पाणी मोजतात. मला ते फार आवडलं. वाचणं म्हणजे फक्त गोष्ट नसते, वाचून माणसाला धरणात पाणी किती ते कळतं, हे तिला मी घरी कसं समजावलं असतं मला खरंच माहीत नाही.

काउंटरवरच्या ग्रंथपाल मॅडमना बालविभागातली सगळी मुलं मावशी म्हणतात. मावशींची एक पद्धत आहे, मूल बरोबर असेल तर त्या पालकांशी बोलतच नाहीत. काउंटर उंच आहे म्हणून जराशा वाकून थेट मुलाला विचारतात, काय आणलंस? वाचून झालं का? अजून ठेवायचंय का आठवडाभर? पहिले काही शनिवार लेक माझ्या पायामागे लपायची, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की मावशी हाताने थांबवायच्या. आता ती स्वतः सांगते, हे झालं, हे नाही झालं, हे परत पाहिजे. घराबाहेरच्या माणसाशी, नातं-ओळख काही नसताना, आपल्या कामासाठी आपण बोलायचं आणि समोरच्याने ते मन लावून ऐकायचं, असा प्रसंग लहान मुलांच्या वाट्याला किती येतो? दवाखान्यात डॉक्टर आईला विचारतात, दुकानदार बाबाला विचारतो, शाळेत प्रश्न बाईंचे असतात. इथे काम मुलाचंच असतं.

बालसभासद झाली तेव्हा मावशींनी तिला रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं. वाकडंतिकडं, एक अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं, पण तिचं स्वतःचं. मी म्हटलं मी लिहितो, तर म्हणाल्या, सभासद तुम्ही आहात का ती? मला नंतर आठवलं की अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंनी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत मुलांच्या विभागाचं काम १९०६ साली हातात घेतलं आणि तिथे असंच होतं, मूल एका वहीत आपलं नाव लिहायचं आणि त्यासोबत वचन द्यायचं की मी पुस्तकं इथे आणि घरी नीट सांभाळीन आणि वाचनालयाचे नियम पाळीन. त्याआधी बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना वाचनालयात घेतच नसत. वचन आणि सही, म्हणजे मोठ्या माणसासारखा व्यवहार. आमच्या मावशींनी मूरबाईंचं नाव ऐकलंय का ते मी विचारलं नाही, पण मुलांबरोबर रोज काम करणाऱ्या माणसाला या गोष्टी आपोआप सुचत असाव्यात.

आता निवड. हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा आहे त्यामुळे इथे जरा थांबतो. आपल्याकडे मुलांना निवडायला मिळतं तरी काय? कपडे आपण घेतो, डबा आपण भरतो, क्लास आपण लावतो. पुस्तकाच्या दुकानात गेलो तरी किंमत उलटून बघतो आणि म्हणतो हे नको, हे घे, यात शिकण्यासारखं आहे. वाचनालयात निवड चुकली तरी काही बिघडत नाही, शनिवारी परत करायचं आणि दुसरं घ्यायचं, एक रुपयाही वाया गेला नाही. त्यामुळे मुलाला चुकीचं पुस्तक निवडायची मोकळीक मिळते आणि त्यातूनच त्याची आवड घडते. लेकीने एकदा मुखपृष्ठावरचा पिवळा रंग बघून ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक उचललं होतं, मोठ्यांच्या कपाटातलं, आकृत्याच आकृत्या. मी काही बोललो नाही, मावशींनीही शांतपणे शिक्का मारून दिलं. त्या आठवड्यात तिने त्यातली प्रत्येक आकृती बघितली, चाकं मोजली, कुठला नट कुठे जातो ते बोटाने गिरवलं आणि परत करताना म्हणाली, यात गोष्ट नाहीये पण बरं आहे. एवढंसं ते मूल, आणि त्याने पुस्तकाबद्दल स्वतःचं मत दिलं!

म्हणून बालविभागात मुलाच्या मागे उभं राहून "ते नको, हे बोधपर आहे" असं सांगणारे आई-बाबा बघितले की मला वाईट वाटतं. हेतू चांगला असतो, मान्य आहे. पण रंगनाथनांचे पाच नियम ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात, १९३१ साली त्यांनी ते मांडले, त्यातला एक आहे की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि दुसरा आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हा माणूस मूळचा गणिताचा प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि मग जन्मभर याच विषयात राहिला. त्याचं पुस्तक, असं ते म्हणतात. आईला आवडलेलं पुस्तक असं म्हणत नाहीत. पाच वर्षांचा वाचक पण वाचकच आहे.

वर्गवारीचं तर विचारूच नका. मावशींनी कपाटाच्या फळ्यांवर छोटी चित्रं चिकटवलीयत, प्राणी, तारे, गाड्या, गोष्टी, आणि खाली बारीक अक्षरात ड्युईचे आकडे, म्हणजे प्राणी ५९०, लोककथा ३९८, खगोल ५२० वगैरे. मेलव्हिल ड्युई या अमेरिकन माणसाने १८७६ मध्ये केलेली ही दशांश पद्धत, सगळं ज्ञान दहा भागात, त्या प्रत्येकाचे परत दहा भाग. एका शनिवारी लेकीने सशाचं पुस्तक वाचून संपवलं (वाचून म्हणजे बघून, माझ्याकडून तीनदा ऐकून) आणि परत ठेवायला प्राण्यांच्या फळीकडे गेली. मावशी म्हणाल्या, अगं हे गोष्टींच्या फळीवरचं आहे. ती म्हणाली, पण हा ससा आहे ना. मावशी म्हणाल्या, हो, पण हा ससा काय करतो? तर म्हणे बोलतो, आणि सिंहाला फसवतो. मग खरा ससा बोलतो का? लेक बराच वेळ तशीच उभी. मग तिने प्राण्यांच्या फळीवरचं एक पुस्तक काढलं, त्यातला फोटोतला ससा बघितला, मग हातातला चित्रातला ससा बघितला आणि सांगितलं, हा खराखुरा आहे, तो गवत खातो, आणि हा गोष्टीतला आहे, म्हणून हा तिकडे राहतो. आणि हातातलं पुस्तक गोष्टींच्या फळीवर ठेवून आली.

मी तिथेच स्टुलावर बसून हे ऐकत होतो आणि मला अक्षरशः भरून आलं. खरी माहिती कुठली आणि रचलेली गोष्ट कुठली, दोन्ही हव्यात पण दोन्ही वेगळ्या आहेत, हे आज व्हॉट्सअ‍ॅपवर मोठमोठ्या माणसांना उमगत नाहीये, आणि इथे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जाता जाता एक मूल ते शिकून गेलं. स्क्रीनवर सगळं एकाखाली एक सरकत येतं, खरा ससा, बोलणारा ससा, सशाच्या आकाराचं खेळणं विकणारी जाहिरात, सगळं एकाच रांगेत. वाचनालयात प्रत्येकाला जागा आहे आणि ती जागा चालत जाऊन शोधावी लागते.

आणि ते शेवटचं पान. जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली तारखांची पट्टी, परत करायच्या तारखेचे जांभळे शिक्के एकाखाली एक. लेकीला आधी ते नुसतं डिझाइन वाटायचं. मग कधीतरी तिने विचारलं की हे कुणी मारले? म्हटलं, प्रत्येक वेळी कुणीतरी पुस्तक नेलं की एक शिक्का. म्हणजे हे सगळ्यांनी नेलं? हो. मग त्या सगळ्यांची घरं कुठे आहेत? आता याला काय सांगणार, म्हटलं इथेच, गावात. त्या पट्टीवर सगळ्यात वरची तारीख १९९४ ची होती. बाबा तू तेव्हा केवढा होतास? मी तेव्हा चौथीत. ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, म्हणजे हे नेणारी ताई आता मोठी झाली असेल. त्यानंतर काही दिवस दुकानात, एसटी स्टँडवर कुणी बाई दिसली की कानात विचारायची, हिने नेलं असेल का ते? काळ म्हणजे काय, माणसं मोठी होतात म्हणजे काय, आपण नसताना पण गाव होतं आणि त्यात मुलं होती, हे सगळं त्या बोटभर पट्टीत आहे. आता बऱ्याच ठिकाणी बारकोड आलेत, काम सोपं होतं, मोजणी पटकन होते, आले तर आले. पण ज्यांच्याकडे अजून शिक्का आहे त्यांनी बालविभागापुरता तरी तो ठेवावा असं मला फार मनापासून वाटतं.

परत करणं मात्र सोपं नसतं. आवडलेलं पुस्तक शनिवारी द्यायचं म्हणजे शुक्रवार रात्रीपासून चेहरा पडलेला. एकदा तर वाटेत रिक्षात रडणं झालं. मी म्हटलं, मावशींना सांगून परत एक आठवडा घेऊ. काउंटरवर कळलं की कुणीतरी ते राखून ठेवायला सांगितलंय, आणि तो मुलगा तिथेच उभा होता, हिच्याहून वर्षभर मोठा असेल, आई भाजी विकायला बसते मंडईत आणि दुपारी हा इथे असतो असं मावशींकडून नंतर कळलं. लेकीने पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. तो काही बोलेना, नुसता बघत होता. मग हिने त्याला विचारलं, तुला माकडाचं पान माहितीये का? तो म्हणाला नाही. तर हिने तिथेच काउंटरखाली बसून त्याला ते पान उघडून दाखवलं, इथे बघ, शेपटी कुठे अडकलीये, आणि पुढचं मी सांगत नाही. आणि दिलं पुस्तक. पुढच्या शनिवारी दोघं जण शेपटीवरून भांडत होते, की ती कशाला अडकली होती. आमच्या सोसायटीतली मुलं आणि मंडईतली मुलं एरवी कुठे भेटतात सांगा? शाळा वेगळ्या, खेळायची मैदानं वेगळी. एक पुस्तक दोघांच्या घरी राहून आलं, त्यावर बोलायला दोघांकडे सारखाच माल होता.

बाकी अक्षरओळखीचं म्हणाल तर तेही होतंच, फक्त धडा म्हणून होत नाही. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी लहान मुलं वाचायला कशी लागतात यावर आयुष्यभर काम केलं, त्या मुलाच्या हातात पुस्तक देऊन साध्या गोष्टी तपासायच्या, की याची पुढची बाजू कुठली, वाचायला सुरुवात कुठून करायची, ओळ संपली की कुठे जायचं, चित्र वाचतात की अक्षरं. मोठ्यांना हे प्रश्न वाटतच नाहीत, पण ज्या मुलाने पुस्तक हाताळलेलंच नाही त्याच्यासाठी ही सगळी नवी माहिती असते, आणि पहिलीत गेल्यावर त्याला अक्षराबरोबर हेही शिकावं लागतं. वाचनालयात येणारी मुलं हे कुणी न शिकवता शिकतात, दर आठवड्याला वेगळं पुस्तक, वेगळा आकार, कुठे शीर्षक वर कुठे खाली, तरी वाचायची दिशा तीच.

फाटलेल्या पानाची गोष्टही सांगतो. एका पुस्तकाचं पान निघालेलं होतं, आम्ही नेलं तेव्हाच. लेक घाबरली, मी नाही केलं म्हणाली. मावशींनी तिला आत नेलं, तिथे बाइंडिंगला द्यायच्या पुस्तकांचा गठ्ठा असतो, शिवण उसवलेली, पुठ्ठा सुटलेली. खळ, दोरा, जाड सुई, कापडी पट्टी सगळं दाखवलं आणि तिच्याकडून त्या पानाच्या कडेला खळ लावून घेतली. बोटं चिकट झाली, फ्रॉकला लागली. आता घरी पुस्तक उघडताना ती मधली शिवण बघते, खूप ताणत नाही. मी शंभर वेळा "नीट धर" म्हटलं असतं तरी हे झालं नसतं.

हे सगळं ज्या व्यवस्थेवर उभं आहे ती काही आकाशातून पडलेली नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले आणि संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली, जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून पाठवली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड वर्ग ठरतात आणि तसं अनुदान मिळतं, आणि अशी अकरा-बारा हजार वाचनालयं राज्यात आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, तिकडे पणजीचं १८३२ चं, अशी दोन-दोन शतकांकडे निघालेली घरं आपल्याकडे आहेत. आणि भिलार, पाचगणीजवळचं, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. आम्ही गेलो होतो, लोकांच्या राहत्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. लेकीने एका घरातल्या काकूंना विचारलं की ही सगळी तुमची आहेत का, तर काकू म्हणाल्या, नाही गं, सगळ्यांची आहेत, आम्ही फक्त सांभाळतो. लेकीला यात काही नवल वाटलं नाही, ते तिला माहीतच होतं.

पण सगळीकडे असं नाही, हेही सांगायला पाहिजे, मला त्याची फार कळकळ आहे. एका वाचनालयात बालविभाग काचेच्या कुलूपबंद कपाटात बघितलाय, किल्ली मागायची, काय पाहिजे ते नावानिशी सांगायचं, आणि चार वर्षांच्या मुलाने नाव कुठून सांगायचं? मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हाताळायचं, ही मोठ्यांसाठी सोय असेल, लहान मुलांसाठी तर तेवढा एकच रस्ता आहे. पुस्तकं फाटतात, हरवतात, मान्य, अनुदान तुटपुंजं, पगार त्याहून तुटपुंजा, आणि हिशोबाच्या तपासणीत हरवलेल्या पुस्तकाचं उत्तर ग्रंथपालालाच द्यावं लागतं, म्हणून ते कुलूप लावतात. दोष त्यांना देऊन चालणार नाही. संचालक मंडळांनी ठराव करून बालविभागातली फाटतूट आधीच धरून चालावी, खालची फळी उघडी ठेवावी, एक सतरंजी टाकावी. पैसा फार लागत नाही.

आणि पालकांनी एवढं करावं. तुमच्या गावात, वॉर्डात वाचनालय असेलच, जाऊन विचारा बालसभासद घेतात का, डिपॉझिट किती, वर्गणी किती, बालविभाग किती वाजेपर्यंत उघडा असतो. आमच्याकडे महिन्याच्या वर्गणीत दोन वडापाव येतील फार तर. मुलाला बरोबर न्या आणि पावती त्याच्या नावाने करा, त्याच्या हातात द्या. दिवाळीनंतर गेलात तर मुलांचे दिवाळी अंकही नवेकोरे आलेले असतात, ते लवकर जातात, त्यामुळे शनिवारी चार वाजताच गाठायचं.